चार वेळा सुजलेला गाल

आजारपणाचं एक बरं असतं. गोळ्या संपतात, टाके विरघळतात, डॉक्टरचे कागद गादीखाली चुरगळून जातात. पण त्या दिवसांत लोक जे बोलून गेलेले असतात ना, ते काही केल्या जात नाही. माझ्या जबड्यात खड्डा होता मोठ्या बोराएवढा. पण दीड वर्षात त्यातून इतके किस्से निघाले, की आता आमच्या गल्लीत कुणाचा गाल जरा फुगला तर बायका आधी मला हाक मारतात आणि मग डॉक्टरला! मला लिहिता येत नाही. मी सांगते, नात उतरवून घेते. मध्येच ती हसायला लागते, तेव्हा कुठे काही गाळलं गेलं असेल तर तो दोष तिचा.

* * *

सुरुवात झाली ती एकादशीच्या दिवशी.

आम्ही जळगावजवळच्या असोद्याचे. घरात मी आणि आमचे आबा, म्हणजे माझे मालक, आणि भिंतीला भिंत लागून माझी जाऊ कमल. कमलचं लक्ष स्वतःच्या चुलीपेक्षा माझ्या तोंडाकडे जास्त. सकाळी ती दारात आली आणि उभीच राहिली.

"अक्का, तोंडात काय धरलं?"

"काही नाई."

"आज एकादशी हाये."

"मले माहीत हाये."

"मंग डावा गाल काहून फुगला?"

मी म्हटलं, फुगला असेल, मला काय आरसा बघायला वेळ आहे? तर हिने मला ओसरीवर बसवलं, तोंड उघडायला लावलं आणि बोट घालून आतून सगळा गाल चाचपून पाहिला. तिला वाटलं, मी शेव धरून बसलेय. सापडलं काहीच नाही. दुसरी बाई असती तर ओशाळली असती. कमलने बोट पदराला पुसलं आणि म्हणाली, "गिळली!"

दुपारपर्यंत अर्ध्या गावाला कळलं, अक्काने एकादशी मोडली.

तिसऱ्या दिवशीही गाल तसाच. तेव्हा मात्र कमलच घाबरली. आबांना म्हणाली, "भाऊजी, एवढी शेव कोणी तीन दिवस धरत नाई. डॉक्टरले दाखवा!"

* * *

माझी लेक मंगल धुळ्याला असते. तिने तिथल्या जबड्याच्या डॉक्टरकडे नंबर लावला. डॉक्टर तरुण, चष्मेवाला, आवाज असा मऊ की शिव्या दिल्या तरी आशीर्वाद वाटावा. त्याने फोटो काढायला लावला. ते मशीन आपल्या डोक्याभोवती गोल फिरतं, आपण फक्त देवासारखं उभं राहायचं.

फोटो बघून डॉक्टर म्हणाला, "आजी, खालच्या जबड्याच्या हाडात पाण्याची पिशवी झालीय. सिस्ट म्हणतात. आतून हाड पोखरत चाललीय, काढावी लागेल."

आबा खुर्चीत पुढे सरकले.

"पाणी लागलं म्हणता?"

"हो."

"किती खोल?"

"अं... साधारण दोन सेंटिमीटर."

आबांनी कपाळावर हात मारला. "आम्ही शेतात दोन ठिकाणी बोअर घेतला, तीनशे फुटांवर नुसती धूळ निघाली. आणि हिले इथं दोन बोटांवर पाणी!"

* * *

ऑपरेशन नीट झालं. पिशवीचा तुकडा तपासायला गेला, तोही साधाच निघाला. पण डॉक्टरने खड्डा शिवून बंद केला नाही. म्हणाला, "हा तळापासून हळूहळू हाडाने भरू द्यायचा. वर्ष लागेल. तोवर दर जेवणानंतर ह्या पिचकारीने मिठाचं पाणी मारून आतलं अन्न काढायचं. अन्न राहिलं की पू होणार, पू झाला की सूज येणार."

पिचकारी म्हणजे सुई नसलेली इंजेक्शनची नळी. माझा हात थरथरतो म्हणून ते काम आबांकडे आलं.

आता आबांनी आयुष्यभर कपाशीवर फवारणी केलेली. पहिल्याच दिवशी बघते तर नाकाला उपरणं बांधून, डोळ्यांवर नातवाचा काळा चष्मा लावून उभे!

"हे काय?"

"तू तोंड उघड. वारा कुठून येतोय?"

"घरात कसला वारा?"

"तरी पण." म्हणून त्यांनी मला आधी पूर्वेकडे, मग पश्चिमेकडे तोंड करून बसवलं. वाऱ्याच्या विरुद्ध फवारलं तर औषध फवारणाऱ्याच्या अंगावर येतं म्हणे.

आठ दिवस चांगले गेले. मग पिचकारी बंद. मी विचारलं तर म्हणाले, "बघितलं मी बॅटरी लावून. रोग दिसत नाही. आता पंधरा दिवसांनी फवारणीचा एक हात देऊ."

मी पण ऐकलं! माणूस शेतातला जाणता, मला वाटलं असेल बरोबर.

दहाव्या दिवशी गाल फुग्यासारखा. ताप. पुन्हा धुळे. डॉक्टरने विचारलं, "पिचकारी रोज मारता ना?" आबा छाती काढून म्हणाले, "शेड्यूलप्रमाणे!"

"कुठलं शेड्यूल?"

"बोंडअळीचं."

डॉक्टरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि मंगलकडे बघून म्हणाला, "ताई, ह्यांना एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या: कपाशी नाही."

* * *

ऑपरेशननंतरची दुसरी सूज. ही माझी चूक, मी नाही म्हणत नाही.

थंडीचे दिवस, आणि आमचं असोदा. त्या दिवसांत शेताशेतात काटक्या पेटतात, त्यावर हिरवी वांगी भाजतात, आणि भरिताचा वास थेट बस स्टँडपर्यंत जातो. मला डॉक्टरने काय सांगितलं होतं? बी नाही, शेंगदाणा नाही, मिरची नाही, चावायचं नाही, पातळ खिचडी खा. भरितात तर ह्या सगळ्याच वस्तू! मग राहिलं काय?

कमलने शेतातून डबा आणला. माझ्यासमोर उघडला. म्हणाली, "तुम्ही खाऊ नका. फक्त वास घ्या."

मी वास घेतला. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर घेतला. दोनदा घेतला.

चार दिवसांनी गाल पुन्हा वर. डॉक्टरने दिव्याखाली झोपवलं आणि विचारलं, "आजी, काय खाल्लं होतं?"

"खिचडी. पातळ."

त्याने चिमट्याने आतून काहीतरी काढलं आणि पांढऱ्या कापसावर ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. शिकाऊ पोरी जमल्या, माना पुढे करून बघायला लागल्या. डॉक्टर मऊ आवाजात म्हणाला, "आजी, ह्या खिचडीला बिया आहेत."

मी डोळे मिटून घेतले. झोप लागली असं दाखवावं म्हटलं. तेवढ्यात आबा उठून आले. ते एक बी बोटावर घेऊन खिडकीकडे गेले, उजेडात फिरवून पाहिलं, आणि काय म्हणावं माणसाने!

"अरे, हे तर आपल्या विहिरीकडच्या वाफ्यातलं! डॉक्टर, फेकू नका. पुढच्या वर्षाले कामा येईन."

* * *

त्यानंतर डॉक्टरचा आम्हा दोघांवरचा विश्वास उडाला. त्याने माझ्या खड्ड्याचं माप घेतलं आणि गुलाबी प्लास्टिकचं एक बूच बनवलं. जेवताना लावायचं म्हणजे अन्न आत जाणार नाही. मग काढायचं, धुवायचं, मिठाच्या पाण्यात ठेवायचं. दिसायला छान होतं हो, गुळगुळीत, गोलसर, बोटाच्या पेराएवढं.

आता ठेवायचं कुठे? मोरीत ठेवलं तर उंदीर नेणार, ओट्यावर ठेवलं तर कमल. मी देव्हाऱ्यात ठेवलं. तांब्याची छोटी वाटी, त्यात मिठाचं पाणी, त्यात बूच. देवाजवळ कोण हात लावतंय?

आली आमची विहीणबाई! मंगलची सासू, मुक्ताईनगरची. मोठी देवभोळी बाई. कुणाच्याही घरी गेली की आधी देव, मग चहा. सरळ देव्हाऱ्यापुढे बसली, वाटी उचलली, तळहातावर पाणी घेतलं, प्यायली.

"अक्का, तीर्थ खारट काहून?"

लेकीची सासू आहे ती! तिला काय सांगू, माझ्या जबड्याचं पाणी प्यायलात म्हणून? कमल कधी नव्हे ती मदतीला धावली. म्हणाली, "द्वारकेचं हाये ते. समुद्राचं."

झालं! विहीणबाईंनी वाटी दोन्ही हातांनी कपाळाला लावली आणि उरलेलं सगळं तीर्थ भक्तिभावाने पिऊन टाकलं. तळाशी बूच. ते तिने बोटांत धरून उजेडात पाहिलं.

"हा गुलाबी शाळिग्राम मी आजवर पाह्यला नाई!"

कमल म्हणाली, "तिकडेच मिळतो."

मी कमलला चिमटा काढला, पण उशीर झाला होता. विहीणबाई म्हणाल्या, "माझ्या देवघरात हा नाई. चार दिवस नेते, पूजा करते, परत देते." आणि पदराच्या गाठीला बांधून बूच मुक्ताईनगरला गेलं.

मागणार कोण? मी म्हटलं आबा मागतील, आबा म्हणाले मंगल मागेल, मंगल फोनवर रडकुंडीला आली, "आई, मी त्यांना काय सांगू? तुमच्या देव्हाऱ्यात माझ्या आईचं बूच बसलंय म्हणून?" इकडे मी बूच नसताना जेवतेय, तिकडे बुचाला रोज आंघोळ, फूल आणि साखरेचा नैवेद्य!

सहाव्या दिवशी गाल सुजला, तिसऱ्यांदा. सातव्या दिवशी आबा मोटरसायकलने मुक्ताईनगरला गेले. तिथे जाऊन काय बोलले ते त्यांनी मला आजतागायत सांगितलेलं नाही. पण आणलं.

डॉक्टरने हातात घेतलं आणि दचकला. "आजी, हे लाल काय? रक्त येतंय का?"

मंगल खाली मान घालून म्हणाली, "नाही सर. कुंकू आहे."

* * *

पण त्या दिवशी डॉक्टर हसला नाही.

फोटो पुन्हा काढला. मला समोर बसवलं आणि म्हणाला, "आजी, आता नीट ऐका. हाड भरत होतं, पण दर सुजेला पू होतो आणि थोडं हाड खाऊन जातो. खाली आता एवढंच उरलंय." त्याने बोटाने दाखवलं, पेन्सिलीच्या जाडीएवढं. "पुन्हा एकदा सूज आली तर हे हाड टिकणार नाही. तेवढा जबडा कापून काढावा लागेल आणि त्या जागी पायाचं हाड बसवावं लागेल. तुमच्या वयात ते धरेल की नाही, सांगता येत नाही. नाही धरलं तर पुढे पेजेवरच राहावं लागेल."

आबांनी विचारलं, "डाव्या पायाचं का उजव्या?"

"कुठल्याही."

"मग उजव्याचं नका घेऊ. तो गुडघा दुखतो तिचा. जबडाबी दुखेल मग."

मी हसले नाही त्या दिवशी. मला काय सोनंनाणं नको, तीर्थयात्रा नको. मला भाकरी चावून खायची होती. सासरी आले तेव्हापासून रोज थापतेय, आणि आता त्याच भाकरीची पेज करून नळीने प्यायची? त्यापेक्षा... जाऊ दे.

* * *

परतीच्या बसमध्ये माझ्या मांडीवर तो मोठा फोटो, पिशवीतून बाहेर आलेला. मी आपली पदराने डोळे पुसतेय. धुळ्याहून जळगावची एसटी, उन्हाची वेळ. पलीकडच्या सीटवरचा पागोटेवाला बाबा म्हणाला, "अक्का, काय शे ते? दाखा बरं."

आबांनी खिडकीच्या काचेला लावून धरला. बस्स! पुढच्या सीटवरचे मागे वळले, मागचे उभे राहिले. प्रत्येकाला वाटलं, आपल्याला कळतंय.

"मणका आहे हा."

"मणका असा वाकडा असतो का? फणी दिसतेय."

"उलटा धरलाय, भाऊ!"

आबांनी फिरवला. आता सगळे दात वर गेले. एक बाई म्हणाली, "माझ्या सासऱ्यांचा असाच होता." आम्ही विचारलं, "मग? बरे झाले?" ती म्हणाली, "त्यांचा ट्रॅक्टरचा होता." त्याचा अर्थ आम्हाला अजून लागलेला नाही.

पारोळा गेलं तेव्हा कंडक्टर आला. त्याने तिकिटाची मशीन काखेत मारली, फोटो दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ पाहिला. सगळी बस त्याच्याकडे बघायला लागली. जसा काही तो शेवटचा निकाल देणार! त्या फोटोत म्हणजे या कानापासून त्या कानापर्यंत सगळे दात पसरलेले असतात ना, एका ओळीत.

तो माझ्याकडे वळून म्हणाला, "आजी, इथं तर तुम्ही एवढं हसताय. मग रडता कशाला?"

* * *

त्यानंतर घरात फौजदारी सुरू झाली. आबा जेवणानंतर घड्याळ बघून पिचकारी मारायचे, न चुकता. बूच पत्र्याच्या डबीत, डबी कुलपात, किल्ली आबांच्या करगोट्याला. कमलने गल्लीत जाहीर करून टाकलं, "अक्काच्या घरी कोणी तीर्थ पिऊ नका!"

आणि पायाच्या हाडाची बातमी गावभर झाली, ती वेगळीच. बायका भेटायला येत, माझ्या तोंडाकडे कमी आणि पायांकडे जास्त बघत. एक म्हातारी तर विचारून गेली, "मंग अक्का, पुढं चालून चालून तुमचं तोंड दुखीन का वं?"

पाच महिने काही झालं नाही. आतून खड्डा भरत आलाय असं जिभेला लागायचं. मी मनात भाकरीचा दिवसही धरून ठेवला होता.

आणि एका सोमवारी उठले तर डावा गाल वर!

मी आबांना हाक मारली नाही. आधी आरशात बघितलं, मग पलंगावर बसून राहिले. कानाखाली टणक, दुखरं, अंगात ताप. आबा आले, बघितलं, आणि पिशवी भरायला लागले. त्या माणसाला मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा पिशवी भरताना पाहिलं. त्यात त्यांनी माझी दोन लुगडी, एक टॉवेल आणि बॅटरी भरली. बॅटरी कशाला, ते विचारायचं मला धैर्य झालं नाही.

* * *

धुळ्याला नेमकं ते गोल फिरणारं मशीन बंद पडलेलं. दुरुस्तीवाला यायला दोन दिवस. माझं तर तोंडही नीट उघडेना, आत बघणार कसं? डॉक्टर म्हणाला, "थांबण्यात धोका आहे. उद्या भूल देऊन उघडून बघू. हाड चांगलं असलं तर स्वच्छ करून सोडू. नसलं तर तिथेच पायाचं हाड घेऊ. तयारी दोन्हीची ठेवू."

दोन्हीची तयारी म्हणजे काय, ते सकाळी कळलं. डाव्या पायावर निळ्या पेनाने घोट्यापासून गुडघ्यापर्यंत रेघ मारली. आबा पायथ्याशी बसून त्या रेघेकडेच बघत होते. मंगल माझा हात सोडेना. मला स्ट्रेचरवर घातलं आणि ऑपरेशनच्या खोलीबाहेर नेऊन ठेवलं. वरच्या पंख्याची पाती मोजत मी पडून राहिले. तीनच होती, पण मी पुन्हा पुन्हा मोजली.

तिथे एक वॉर्डातली मावशी होती. जाड चष्मा, कमरेला किल्ल्या. तिचं काम एवढंच की रोग्याच्या डोक्याला हिरवी टोपी घालायची आणि कान आत खोचायचे. तिने माझा डावा कान खोचला. उजवा खोचायला गेली आणि थांबली. कानामागून हनुवटीपर्यंत बोटं फिरवली. पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे.

"आक्का, इकडे बी सुज शे तुले!"

मी म्हटलं, "असंल बाई. आता काय इकडं आन् काय तिकडं."

मावशीने दार ढकललं आणि आतल्या सगळ्या हिरव्या कपडेवाल्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "साहेब, हाई ते गालफुगी शे! मन्हा नातूले गया हप्तामां व्हयनी!"

आतल्या शिकाऊ पोरी फिसकन हसल्या. डॉक्टर बाहेर आला. त्याने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, दोन्ही कानांखाली दाबून पाहिलं. मग माझं तोंड जेवढं उघडेल तेवढं उघडून, नाक जवळजवळ आत घालून, खड्ड्यात बॅटरी मारली. मी बघत होते, त्याच्या चष्म्यात माझाच गाल दिसत होता.

"आजी," तो म्हणाला, "खड्डा एकदम स्वच्छ आहे. तुमच्या घरात लहान मुलांना गालफुगी, म्हणजे गालगुंड, झाली होती का?"

"घरात नाई. गल्लीतल्या नऊ पोरांना झाली. शाळेने घरी पाठवलं, तर दिवसभर माझ्याच ओसरीवर. गोष्ट सांग, गोष्ट सांग."

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही जबड्याचं विचारलं. पोरांचं कुठं विचारलं?"

डॉक्टर भिंतीला टेकला. एक शिकाऊ पोरगी स्पिरिटचा बोळा घेऊन माझ्या पायावरची निळी रेघ पुसायला आली, तर आबा मध्ये पडले. "राहू द्या, ताई. एवढी सरळ मारलीय."

* * *

तीनेक आठवड्यांनी तपासणीला गेलो. गाल कधीच उतरले होते, मशीनही सुरू झालं होतं. पण डॉक्टर नव्हता, सुट्टीवर म्हणे. त्याच्या हाताखालच्या बाईने फोटो काढला, कॉम्प्युटरवर लावला आणि आम्हाला बोलावून दाखवला. जिथे काळा खड्डा होता, तिथे पांढरं धुकं भरलेलं.

"हाड भरलं, आजी."

"भाकरी खाऊ?"

"खा."

मी तिला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती "खा" म्हणाली.

मग मी ऐकते काय! मंगलला म्हटलं, ज्याने जबडा वाचवला त्याला सांगितल्याशिवाय मी असोद्याला जात नाही. घरी असला तर घरी जाऊ. देवपूरला त्याचं घर शोधलं. आबा आत यायला कचरले, ते बाहेर मोटारींच्या सावलीत थांबले. मी आणि मंगल केळीच्या दोन फण्या घेऊन आत गेलो.

दार उघडलं डॉक्टरच्या आईने. माझ्याच वयाची, नऊवारी, कपाळावर गोंदण. आत सोफ्यावर डॉक्टर बसलेला. डोक्यावरून हनुवटीखाली मफलर बांधलेला, आणि दोन्ही गाल असे, असे, की चष्मा वर उचलला गेलेला! मला बघून त्याचे डोळे मोठे झाले. बोलायला गेला, पण तोंडच उघडेना. नुसता "हं, हं" करून हात हलवायला लागला.

त्याच्या आईने आम्हाला खुर्च्या दिल्या, केळी हातात घेतली आणि अहिराणीत सुरूच झाली.

"काय सांगू, अक्का! या वयमां गालफुगी! एवढा मोठा डॉक्टर, घरमां एक लेकरू नही, तरी व्हयनी. कोणी तरी म्हतारी उनी व्हती म्हणे दवाखानामां, तिना तोंडमां हाऊ डोकं घालीसन बसना. तिनीच दिधी मन्हा पोऱ्याले! आठ दिन व्हयनात, पेजवर शे. भेटू दे माले ती बाई एक डाव!"

मी म्हटलं, "असतात बाई एकेक."

"सांगाले नको का, पोरेसमां बसेल व्हती म्हणीसन?"

"सांगायला पाहिजे होतं," मी म्हटलं. "चुकलंच तिचं."

सोफ्यावर डॉक्टरने दोन्ही हातांनी गाल धरले. खांदे गदगदा हलत होते, डोळ्यांतून पाणी, आणि हसणं दुखतंय म्हणून वरून "आई गं, आई गं" चाललेलं. मंगलने पंख्याकडे बघायला सुरुवात केली.

त्याच्या आईने एक केळं सोलून माझ्या हातात दिलं, आणि अगदी मायेने विचारलं, "ती म्हतारी असोदानी व्हती म्हणे. तुम्ही कोणता गावन्या, अक्का?"

मी केळ्याचा घास घेतला, नीट दाताखाली चावला, गिळला.

"मी? मी बाई मुक्ताईनगरची!"